रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींचा अभ्यास: रक्तनळीपासून निष्कर्षापर्यंतचा क्रम

मूळ गाठीपासून सुटून रक्तप्रवाहात आलेल्या कर्कपेशींना प्रयोगशाळांमध्ये सर्रास सीटीसी म्हटले जाते. या पेशींवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांच्या प्रस्तावांमध्ये दोन चुका पुन्हा पुन्हा आढळतात. पहिली चूक सुरुवातीलाच होते: यंत्र किंवा किट आधी निवडले जाते आणि त्यातून काय विचारता येईल याचा शोध नंतर घेतला जातो. दुसरी चूक शेवटी होते: रक्तात कर्कपेशी सापडली, म्हणजे तिनेच रोग दुसऱ्या अवयवात नेला, असे धरून चालले जाते. या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्याही क्रम चुकल्यामुळे वाया जातात, आणि मुख्य म्हणजे रुग्णाने दिलेले रक्त वाया जाते. म्हणून पुढे प्रत्येक टप्पा ज्या क्रमाने करायचा त्याच क्रमाने दिला आहे. उदाहरण मुख्यतः स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाचे घेतले आहे, कारण या पेशींबद्दलची सर्वाधिक खात्रीची माहिती त्याच आजारात जमा झाली आहे.

कामाची अडचण आधी नीट समजून घ्यावी. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी आणि साधारण ४० लाख ते १ कोटी १० लाख पांढऱ्या पेशी असतात. पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णातही तेवढ्या रक्तात कर्कपेशी पुष्कळदा एकसुद्धा नसते. त्यामुळे इतर चाचण्यांमध्ये खपून जाणारी ढिलाई इथे थेट निकाल बदलते.

टप्पा १: प्रश्न ठरवा आणि तो लिहून ठेवा

या क्षेत्रातले बहुतेक प्रश्न तीन प्रकारचे असतात. पेशी किती आहेत, हा पहिला. त्या कशा आहेत, म्हणजे त्यांच्यात कोणते जनुकीय बदल आहेत आणि पृष्ठभागावर कोणती प्रथिने आहेत, हा दुसरा. त्या नव्या जागी रुजू शकतात का, हा तिसरा. प्रत्येकासाठी नळी, वेळेची मर्यादा आणि पद्धत वेगळी लागते. केवळ मोजणी करायची असेल तर पेशी स्थिर करणारे रसायन असलेली नळी सोयीची पडते, कारण नमुना काही दिवस टिकतो. पण त्याच नळीतल्या पेशी मेलेल्या असल्यामुळे त्यांची वाढ करता येत नाही आणि त्यांतील आरएनए विश्वासार्ह राहत नाही. मोजणीसाठी गोळा केलेल्या नमुन्यांतूनच पुढे जिवंत पेशींचे काम काढू, असे ठरवून सुरू झालेला प्रकल्प पहिल्या नळीपाशीच अडकतो.

मोजणीचा प्रश्न निवडला तर त्याची मर्यादाही तिथेच लिहावी. सेलसर्च या पेशी मोजण्याच्या तयार यंत्र-पद्धतीने ७.५ मिलिलिटर रक्तात ५ किंवा अधिक पेशी आढळलेल्या, स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचे आयुर्मान सरासरीने कमी असते, हे २००४ मध्ये दाखवले गेले आणि त्यानंतर ते वारंवार पडताळले गेले. प्रोस्टेटसाठीही ५ हीच सीमारेषा आहे, मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ३. मात्र पेशींची संख्या कमी होत नाही म्हणून केमोथेरपी लवकर बदलली तर आयुष्य वाढते का, हे तपासणाऱ्या एस०५०० या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, तसा लाभ दिसला नाही. आजाराचा पुढचा कल सांगणारी खूण आणि उपचार बदलण्याचा आधार हे दोन वेगळे दावे आहेत, आणि प्रस्तावात त्यांपैकी नेमका कोणता मांडला आहे हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

*तपासून पाहा:* उत्तर नकारार्थी आले तरी ते छापण्याजोगे असेल का? नसेल, तर प्रश्न अजून पक्का झालेला नाही.

टप्पा २: परवानग्या, तुलनेचे गट आणि वेळापत्रक

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती ही पहिली कागदपत्रे. संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत असावे आणि त्यात पुढच्या शक्यता आधीच मांडाव्यात: जनुकीय तपासणी होणार का, उरलेला नमुना साठवला जाणार का, पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या किंवा उंदरात रोवल्या जाणार का. हे मागाहून विचारायला गेल्यास काही रुग्ण हयात नसतात आणि त्यांचे नमुने वापरता येत नाहीत. उंदरांवरील प्रयोगांसाठी प्राण्यांच्या नैतिकता समितीची मान्यता स्वतंत्रपणे लागते, आणि ती मिळायला वेळ लागतो.

तुलनेसाठी केवळ निरोगी स्वयंसेवक घेणे पुरेसे नाही. आतड्याच्या कर्करोग नसलेल्या आजारांतही काही रुग्णांच्या रक्तात उपकला पेशी, म्हणजे अवयवांच्या अस्तराच्या पेशी, सापडल्याचे दिसले आहे. निरोगी तरुणांच्या रक्तात शून्य आले म्हणून आपली पद्धत कर्करोगच ओळखते, असे सिद्ध होत नाही. त्याच अवयवाचा, पण कर्करोग नसलेला आजार असणाऱ्या, रुग्णांइतक्याच वयाच्या व्यक्तींचा गट हवा.

वेळापत्रक हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. या पेशींचा रक्तातला अर्धायुकाल सुमारे १ ते २.४ तास असल्याचे मोजमाप आहे. याचा अर्थ रक्तात आज दिसणारी पेशी बहुधा आजच सुटलेली असते. त्यामुळे बायोप्सी, शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपीची फेरी यांच्या संदर्भात रक्त केव्हा काढले, याने आकडा बदलतो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की, स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये अशा पेशी जागेपणी कमी आणि झोपेत कितीतरी जास्त सुटतात. एका गटाचे रक्त सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात आणि दुसऱ्याचे रात्रीच्या वॉर्डात घेतले गेले, तर दिसणारा फरक आजाराचा की घड्याळाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक नळीवर तारखेसोबत तास आणि मिनिटे लिहिण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

टप्पा ३: रुग्णाच्या नमुन्याआधी पद्धतीची परीक्षा

हा टप्पा घाईत वगळला जातो. निरोगी रक्तात ठरावीक संख्येने कर्कपेशी मिसळून त्यांपैकी किती परत मिळतात, हे पाहिल्याशिवाय एकही रुग्ण नोंदवू नये.

पहिली अडचण मिसळण्यातच आहे. पेशींचे द्रावण पातळ करत करत ‘साधारण १० पेशी’ टाकल्या, असे बहुतेक जण लिहितात. पण अशा पातळीकरणात प्रत्यक्ष संख्या सहज ७ किंवा १३ असू शकते, आणि मग परत मिळालेल्या पेशींची टक्केवारी अर्थहीन ठरते. कमी संख्येसाठी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काचनळीने पेशी एकेक करून उचलाव्यात, मोजाव्यात आणि मगच रक्तात सोडाव्यात. ५, १०, ५० आणि १०० अशा पातळ्या घ्याव्यात, आणि प्रत्येक पातळी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दात्यांच्या रक्तात पुन्हा करावी.

दुसरी अडचण पेशींच्या निवडीची आहे. एमसीएफ-७ ही पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या कर्कपेशींचा वाण, सर्वांकडे असते आणि तिच्या पृष्ठभागावर ईपकॅम हे प्रथिन भरपूर असते, म्हणून ईपकॅमवर आधारित पद्धतीत ती सुंदर निकाल देते. एमडीए-एमबी-२३१ या पेशीरेषेत हेच प्रथिन कमी असते आणि तिथे तीच पद्धत कोलमडते. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी या दोन टोकांच्या मध्ये कुठेही असू शकतात, म्हणून परीक्षा दोन्हींवर घ्यावी आणि दोन्ही आकडे अहवालात द्यावेत. आकाराबाबतही तीच सावधगिरी बाळगावी: प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी रुग्णाच्या रक्तातल्या पेशींपेक्षा पुष्कळदा मोठ्या असतात, त्यामुळे गाळणीवर त्या जास्त अडकतात आणि पद्धत आहे त्याहून चांगली भासते.

मिसळण्याआधी या पेशींना जिवंत पेशींचा चमकता रंग लावून ठेवावा. मग एखादी पेशी हरवली तर ती पकडताना निसटली की पकडली जाऊनही रंगली नाही, हे वेगळे करता येते. एरवी हे दोन दोष एकाच टक्केवारीत दडून बसतात.

*सावधान:* कोरे नमुने, म्हणजे काहीही न मिसळलेले निरोगी रक्त, तितक्याच संख्येने तपासावेत. त्यांत एखादी ‘कर्कपेशी’ दिसली तर तो आकडा लपवू नये. आपल्या पद्धतीची खालची मर्यादा तीच आहे.

टप्पा ४: रक्त काढणे आणि प्रयोगशाळेपर्यंत आणणे

सुई त्वचेतून जाताना त्वचेच्या उपकला पेशी सोबत घेऊन येते, आणि त्या पेशींवरही कर्कपेशी ओळखण्यासाठी वापरली जाणारी केराटिन प्रथिने असतात. म्हणून पहिली नळी संशोधनाला घेऊ नये. रुग्णाची नेहमीची तपासणी व्हायचीच असते, तिच्यासाठी पहिली नळी भरावी आणि त्यानंतरची आपल्याला घ्यावी. रक्त काढणाऱ्या परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला याचे कारण समजावून सांगावे. केवळ ‘दुसरी नळी आमची’ असे सांगितले तर गर्दीच्या दिवशी हा क्रम हमखास उलटतो.

नळी पूर्ण भरावी, लगेच ८ ते १० वेळा हळुवार उलटसुलट करावी, जोराने हलवू मात्र नये. कमी भरलेल्या नळीत रसायनाचे प्रमाण बिघडते आणि नीट न मिसळलेल्या नळीत बारीक गुठळ्या होतात. गुठळी कर्कपेशींना आपल्यात अडकवून ठेवते, त्यामुळे गुठळी दिसलेला नमुना बाद करावा. तो ‘शून्य’ म्हणून नोंदवणे ही गंभीर चूक आहे.

साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीतला नमुना शक्यतो ४ तासांच्या आत प्रक्रियेला लागला पाहिजे. सेलसेव्हसारख्या स्थिरक नळीत तो ९६ तासांपर्यंत चालतो, पण १५ ते ३० अंश सेल्सियस या तापमानातच. नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध चुका होतात. रक्ताचा नमुना म्हटले की तो बर्फात ठेवायचा, या सवयीने कुणी शीतपेटीत गोठवलेल्या पिशव्या ठेवून नळी पाठवतो. दुसरीकडे, एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना नळी कुरियरच्या गाडीत दुपारभर पडून राहते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुंबई किंवा पुण्याला नमुने आणायचे असतील तर खोलीच्या तापमानाला स्थिरावलेल्या जेल-पिशव्या, उष्णतारोधक खोके आणि आत तापमान नोंदवणारे छोटे उपकरण एवढी तयारी लागतेच. खोके उघडल्यावर त्या उपकरणावरील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा वहीत उतरवावा आणि मर्यादा ओलांडली असेल तर त्या नळीचे काय करायचे, याचा नियम आधीच लिहिलेला असावा.

*तपासून पाहा:* रक्त काढल्याची वेळ, प्रक्रिया सुरू झाल्याची वेळ, तापमान, भरलेले प्रमाण, गुठळी, तांबड्या पेशी फुटल्याची लाली. या सहा नोंदी नसलेली नळी पुढे जाऊ देऊ नये. प्रत्येक नमुना संसर्गजन्य मानूनच हाताळावा.

टप्पा ५: कर्कपेशी वेगळ्या काढणे

मुख्य मार्ग तीन आहेत. ईपकॅमला चिकटणारी प्रतिपिंडे चुंबकीय कणांवर लावून कर्कपेशी ओढून घेणे हा पहिला. आकार आणि लवचीकता यांवरून त्या अडवणे हा दुसरा, ज्यात साधारण ८ मायक्रॉन छिद्रांच्या गाळण्या किंवा पार्सोर्टिक्ससारखी सूक्ष्मप्रवाही उपकरणे येतात. तिसऱ्या मार्गात सीडी४५ हे चिन्ह असलेल्या पांढऱ्या पेशी काढून टाकल्या जातात आणि उरलेले सर्व ठेवले जाते.

पहिल्या मार्गात नमुना स्वच्छ मिळतो, पण उपकला-मध्योतक संक्रमणातून, म्हणजे अस्तराच्या पेशीचे गुण सोडून सुट्या, फिरत्या पेशीचे गुण घेण्याच्या बदलातून, गेलेल्या पेशींनी ईपकॅम कमी केलेले असते आणि त्या हातातून सुटतात. फैलावाचा अभ्यास करणाऱ्यासाठी हे साधे नुकसान नाही, कारण नवीन जागी जाण्यास सक्षम ठरू शकणाऱ्या पेशीच त्यात वगळल्या जाण्याचा धोका असतो. दुसऱ्या मार्गात लहान कर्कपेशी छिद्रांतून निघून जातात आणि मोठ्या पांढऱ्या पेशी अडकतात. तिसऱ्यात कर्कपेशीबद्दल काहीही गृहीत धरावे लागत नाही, मात्र पांढऱ्या पेशींचा मोठा गाळ मागे राहतो. फैलावातील भूमिका हा प्रश्न असेल तर माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या मार्गाच्या बाजूचे आहे. पहिला मार्ग मोजणीसाठी आणि इतर केंद्रांच्या आकड्यांशी तुलना करण्यासाठी राखावा. पुणे आणि नाशिक येथेही या पेशींवर आधारित चाचण्या विकसित झाल्या आहेत. त्यांचे आकडे सेलसर्चच्या आकड्यांशेजारी ठेवताना रक्ताचे प्रमाण, पकडण्याची पद्धत आणि पेशीची व्याख्या एकच आहे का, हे आधी पाहावे. ५ ही सीमारेषा त्या एका पद्धतीची आहे, ती उचलून दुसऱ्या पद्धतीला लावता येत नाही.

हाताने करायच्या कामात पेशी सर्वाधिक हरवतात त्या प्लास्टिकच्या भिंतींवर आणि सेंट्रिफ्यूजनंतर द्रव ओतून टाकताना. नळ्या आणि पिपेटची टोके आधी अल्ब्युमिनच्या द्रावणाने ओली करून घ्यावीत, द्रव कधीही ओतू नये, तळापासून थोडे अंतर राखून हळूच ओढून घ्यावा, आणि प्रत्येक जास्तीच्या धुण्याने शुद्धता वाढते तशा पेशीही कमी होतात हे ध्यानात ठेवून धुण्याची संख्या टप्पा ३ मध्येच ठरवावी.

*सावधान:* पेशींच्या पुंजक्यांचा अभ्यास करायचा असेल तर नळी जोरात घुसळणारे व्हॉर्टेक्स यंत्र वापरू नये आणि बारीक टोकाच्या पिपेटने द्रव जोरात वरखाली करू नये. तुटलेला पुंजका एकट्या पेशींचा आकडा वाढवतो आणि ही चूक नंतर शोधता येत नाही.

टप्पा ६: रंगवणे आणि ओळखणे

प्रचलित व्याख्या अशी आहे: केंद्रक आहे, केराटिन आहे, सीडी४५ नाही. केंद्रकासाठी डॅपी, केराटिनसाठी ८, १८ आणि १९ हे प्रकार ओळखणारी प्रतिपिंडे आणि पांढऱ्या पेशी वगळण्यासाठी सीडी४५ असा तिहेरी रंग दिला जातो. सेलसर्चमध्ये पेशीचा व्यास किमान ४ मायक्रॉन असावा, असाही नियम आहे.

पडद्यावर पाहताना या व्याख्येचा प्रत्येक शब्द तपासावा लागतो. खरी पेशी गोल किंवा अंडाकृती दिसते. केराटिन केंद्रकाभोवती सलग, किंचित तंतुमय पट्ट्यासारखे पसरलेले असते. केंद्रक त्या पट्ट्याच्या आत बसलेले असते. केराटिनचा ठिपका एकीकडे आणि केंद्रक दुसरीकडे असेल तर ती शेजारी येऊन पडलेली दोन वेगळी शकले असू शकतात. दाणेदार, तुटक केराटिन आणि तुकडे झालेले केंद्रक म्हणजे मरणाऱ्या पेशीची खूण. अशी पेशी वेगळ्या रकान्यात नोंदवावी, कारण मरणारी पेशी रोग पसरवणार नाही. केराटिन आणि सीडी४५ दोन्ही असलेल्या पेशी जवळजवळ प्रत्येक नमुन्यात भेटतात आणि त्यांचा मोह पडतो. त्याही मुख्य मोजणीत धरू नयेत.

फसवणाऱ्या पेशी ओळखून ठेवाव्यात. इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी हिरव्या पट्ट्यात स्वतःहून चमकतात. मेगाकॅरिओसाइट या बिंबिका (प्लेटलेट) तयार करणाऱ्या पेशीचे केंद्रक मोठे आणि वेडेवाकडे असते व तिच्यावर सीडी४५ फिकट दिसते, म्हणून ती कर्कपेशी म्हणून खपून जाऊ शकते. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी सुईबरोबर येतात आणि त्यांच्यावर सीडी४५ नसतेच. यासाठी एक रिकामा रंगपट्टा ठेवावा, ज्यात काहीही रंगवलेले नाही. तिथेही चमकणारी वस्तू बाद करावी.

प्रत्येक खेपेला तीन काचपट्ट्या सोबत चालवाव्यात: केवळ पांढऱ्या पेशींची, केवळ ज्ञात कर्कपेशींची आणि प्राथमिक प्रतिपिंड न लावलेली. चित्रे दोन जणांनी स्वतंत्रपणे वाचावीत आणि दोघांनाही रुग्ण कोणत्या गटातला आहे हे ठाऊक नसावे. मतभेद झालेल्या चित्रांसाठी तिसरा वाचक असावा आणि मतभेदांचे प्रमाण अहवालात द्यावे.

टप्पा ७: आकड्यांशी प्रामाणिक राहणे

दुर्मीळ वस्तूंच्या मोजणीत केवळ योगायोगाने किती चढउतार होतो, याची बहुतेकांना कल्पना नसते. रुग्णाच्या रक्तात सरासरी ७.५ मिलिलिटरमागे एक पेशी असेल, तर दुर्मीळ घटनांच्या योगायोगाचे गणित सांगणाऱ्या पॉयसनच्या नियमानुसार सुमारे ३७ टक्के वेळा नळीत एकही पेशी येणार नाही. सरासरी ५ असेल तरी सुमारे ४४ टक्के वेळा ५ पेक्षा कमी पेशी मिळतील. म्हणजे ६ वरून ४ वर आलेला आकडा उपचाराचा परिणाम म्हणून मांडणे चुकीचे आहे. दोन्ही आकडे एकाच स्थितीतून येऊ शकतात. शक्य असेल तिथे रुग्णाकडून दोन नळ्या घेऊन त्या स्वतंत्रपणे मोजाव्यात.

विश्लेषणात दोन गोष्टी टाळाव्यात. आपल्याच आकड्यांतून सर्वांत चांगला फरक दाखवणारी सीमारेषा शोधायची आणि त्याच आकड्यांवर ती सिद्ध करायची, हे पहिले. दुसरे म्हणजे, उपचारानंतर सहा आठवड्यांनी मोजलेल्या संख्येनुसार गट पाडायचे आणि आयुष्य मात्र उपचाराच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. जे सहा आठवडे जगले त्यांनाच दुसरे रक्त देता आले, त्यामुळे घड्याळ दुसऱ्या रक्ताच्या दिवशी सुरू केले पाहिजे.

टप्पा ८: ती पेशी खरोखर कर्कपेशीच आहे का?

रंगावरून केलेली ओळख हा अंदाज आहे. खात्री जनुकीय पुराव्याने होते. पेशी एकेक करून उचलावी, तिचा संपूर्ण डीएनए वाढवावा आणि कमी खोलीचे वाचन (डीएनएचा क्रम थोड्याच वेळा वाचणे) करून गुणसूत्रांच्या प्रतींमधील वाढ-घट पाहावी. मूळ गाठीशी जुळणारी वाढ-घट दिसली तर ओळख पक्की झाली. आलेख सपाट आला तर ती बहुधा सामान्य पेशी होती, आणि अशा पेशींचे प्रमाण हीच आपल्या टप्पा ६ ची खरी परीक्षा. त्याच नमुन्यातल्या काही पांढऱ्या पेशी त्याच दिवशी, त्याच रसायनांनी तपासून तुलनेला ठेवाव्यात.

एका पेशीत अपेक्षित उत्परिवर्तन दिसले नाही म्हणून ते नव्हते, असे म्हणू नये. एकाच पेशीचा डीएनए वाढवताना दोनपैकी एक प्रत गळून पडणे नेहमीचे आहे. अनुपस्थितीचा दावा करायचा असेल तर अनेक पेशी हव्यात.

टप्पा ९: फैलावातील भूमिका सिद्ध करणे

इथपर्यंत जे मिळाले त्यातून ‘या पेशी रक्तात होत्या’ एवढेच म्हणता येते. स्तन काढल्यानंतर ७ ते २२ वर्षे लोटलेल्या आणि आजाराची कोणतीही खूण नसलेल्या काही स्त्रियांच्या रक्तातही अशा पेशी सापडल्याचे २००४ मध्ये नोंदवले गेले आहे. रक्तात असणे आणि रुजणे यांत मोठे अंतर आहे. उंदरांच्या यकृतात मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशी सोडून केलेल्या १९९८ मधील अभ्यासात बहुतेक पेशी रक्तवाहिनीतून सुखरूप बाहेर पडल्या, पण वाढत राहणारी गाठ जेमतेम ०.०२ टक्के पेशींनी तयार केली. अडथळा मुख्यतः बाहेर पडल्यानंतरच्या वाढीत होता.

म्हणून पुराव्याची साखळी क्रमाने जोडावी. पहिल्यांदा, रुग्णाच्या किंवा उंदराच्या रक्तातल्या पेशींचे जनुकीय नाते मूळ गाठीशी आणि दूरच्या गाठीशी दाखवावे. त्यानंतर त्या पेशी प्राण्यात रोवल्यास गाठ होते का, हे पाहावे. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात हे शक्य असल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले, कारण त्या आजारात रक्तात पेशी भरपूर असतात. स्तनाच्या कर्करोगात पेशी कमी मिळत असल्याने हे फार अवघड जाते. शेवटी, पेशीतला एखादा गुण काढून घेतल्यावर फैलाव कमी होतो का, हे तपासावे. कार्यकारण या शेवटच्या पायरीशिवाय सिद्ध होत नाही.

पुंजक्यांवरील २०१४ चा अमेरिकेतील अभ्यास या साखळीचा उत्तम नमुना आहे, म्हणून तो जरा बारकाईने पाहू. शंका अशी होती की पुंजके गाठीतूनच एकत्र सुटतात, की एकट्या पेशी रक्तात आल्यावर एकमेकींना चिकटतात? संशोधकांनी उंदरांमध्ये दोन रंगांनी चमकणाऱ्या पेशी वापरल्या. दोन्ही रंग एकाच गाठीत मिसळले तेव्हा दुरंगी पुंजके मिळाले. दोन रंगांच्या गाठी वेगवेगळ्या जागी वाढवल्या तेव्हा पुंजके जवळजवळ एकरंगीच राहिले. म्हणजे पुंजके गाठीतूनच तयार होऊन येतात. त्यांचे प्रमाण एकूण पेशींच्या मानाने थोडे असले तरी गाठ तयार करण्याची त्यांची क्षमता एकट्या पेशींच्या २३ ते ५० पट आढळली. पुढे, पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्लाकोग्लोबिन या प्रथिनाचे प्रमाण घटवल्यावर पुंजके आणि फुफ्फुसातील गाठी दोन्ही कमी झाल्या, मूळ गाठीची वाढ मात्र तशीच राहिली. शेवटची अट महत्त्वाची आहे: मूळ गाठच लहान झाली असती तर फैलाव का घटला, हे कळलेच नसते.

स्वतः असा प्रयोग करताना पेशी कुठून सोडल्या यावर निष्कर्ष अवलंबून असतो. शेपटीच्या शिरेतून सोडलेल्या पेशींना पहिल्यांदा फुफ्फुसाच्या केशवाहिन्या भेटतात, म्हणून तिथे गाठी होणे हे त्या पेशींना फुफ्फुसाची ‘ओढ’ असल्याचे लक्षण नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून सोडल्यास हाडे आणि मेंदूपर्यंत पोहोच मिळते, पोर्टल शिरेतून यकृत. शिवाय या सर्व मार्गांत गाठीतून सुटणे ही पायरीच वगळलेली असते. ती पाहायची असेल तर मूळ अवयवात गाठ वाढवून आपोआप होणाऱ्या फैलावाची वाट पाहावी लागते. एकट्या पेशी आणि पुंजके यांची तुलना करताना दोन्ही गटांत पेशींची एकूण संख्या सारखी ठेवावी. उंदराचे रक्त गाठीला हात लावण्यापूर्वी घ्यावे, नाहीतर दाबामुळे सुटलेल्या पेशीच मोजल्या जातात.

*सावधान:* मानवी पेशी रोवण्यासाठी वापरले जाणारे एनएसजी उंदीर, म्हणजे प्रतिकारशक्ती अतिशय दुबळी असलेला उंदरांचा वाण, नॅचरल किलर या प्रतिकार करणाऱ्या पेशींविना जन्मतात. रक्तातल्या कर्कपेशींना मारणारी एक मुख्य यंत्रणाच तिथे नसते, त्यामुळे तिथल्या यशाचे प्रमाण माणसाला जसेच्या तसे लावू नये.

टप्पा १०: अहवाल

प्रत्येक रुग्णाचा मूळ आकडा, शून्यांसह, तक्त्यात द्यावा. फक्त ‘आढळल्या’ आणि ‘आढळल्या नाहीत’ असे दोन गट देऊ नयेत. बाद केलेल्या नळ्यांची संख्या आणि कारणे, परत मिळणाऱ्या पेशींची टक्केवारी, कोऱ्या नमुन्यांचे निकाल, रक्ताचे प्रमाण आणि रक्त काढण्याची वेळ ही माहिती मुख्य मजकुरात असावी.

संशोधनासाठी केलेली मोजणी रुग्णाच्या फाइलमध्ये तपासणीचा निकाल म्हणून लावू नये. नातेवाईक आकडा विचारतात आणि तो वाढला की घाबरतात, कमी झाला की औषध थांबवावे का असे विचारतात. संशोधनातला हा आकडा उपचार ठरवण्यासाठी काढलेला नाही, हे संमतिपत्रात एकदा लिहिलेले असले तरी रक्त घेण्याच्या प्रत्येक भेटीत तोंडी सांगावे, आणि प्रश्न आल्यास ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी पोहोचतील अशी व्यवस्था नोंदणी सुरू होण्याआधी करून ठेवावी.